प्रवासात पक्षी पाहताना आणि टिपताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहलीत पक्ष्यांसाठी वेगळा दिवस काढता येत नाही. तरी काही दिसेल का?

दिसेल, आणि बरंच दिसेल. उजाडल्यापासून पहिले दोन-अडीच तास पक्ष्यांची सगळ्यात जास्त लगबग असते. रात्रभराचा उपास सोडायचा असतो, हद्द राखायची असते, गाऊन जोडीदाराला आपण इथेच असल्याचं कळवायचं असतं. नेमक्या त्याच वेळी बरोबरची मंडळी गाढ झोपलेली असतात, त्यामुळे कोणाचा खोळंबाही होत नाही.

मुक्कामाच्या आसपास तळं, ओढा, पडीक शेत, अगदी जुनी मोठी झाडं असलेली बाग असली तरी पुरे. तिथेच रोज सकाळी जा. पहिल्या दिवशी नुसते आवाज ऐकू येतात. दुसऱ्या दिवशी कोण कुठल्या फांदीवर येऊन बसतं ते लक्षात येतं. फोटो बहुधा तिसऱ्या दिवशी मिळतो, कारण त्या फांदीसमोर कुठे बसायचं हे तोवर ठरलेलं असतं. दूरच्या नावाजलेल्या अभयारण्यात पोचेपर्यंत ऊन चढतं, पक्षी सावलीला जातात आणि माणसं वाहनतळावरच्या कावळ्यांचे फोटो काढून परततात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

प्रवासात वेळ थोडा असतो म्हणून लोक जागा वाढवतात. माझं मत उलट आहे: वेळ थोडा असेल तर जागा कमी करा. खालच्या बऱ्याच उत्तरांत हेच पुन्हा येईल.

दुर्बीण की कॅमेरा? सामानात एकालाच जागा आहे.

नवखे असाल तर दुर्बीण. कॅमेरा गळ्यात असला की माणूस पक्षी बघत नाही, फोटो आला की नाही ते बघतो. दुर्बिणीतून दहा मिनिटं एकच पक्षी पाहिला तर तो काय खातो, शेपटी कशी हलवतो, कोणाला हुसकावतो हे कळतं आणि पुढे त्याच माहितीवर फोटो मिळतात. शिवाय दाट झाडीत किंवा पहाटेच्या अंधूक प्रकाशात दुर्बीण जे दाखवते ते मध्यम किमतीच्या कॅमेऱ्याला जमत नाही.

दुर्बिणीवरच्या ८×४२, १०×४२ या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२. पहाटे आणि जंगलात हा फरक जाणवतो. दहा पटीत हाताची थरथरही दहा पट होते आणि दृश्याचा आवाका लहान होतो, त्यामुळे पानांत उड्या मारणारा वटवट्या सापडेपर्यंत निघून गेलेला असतो. उघडं माळरान किंवा समुद्रकिनारा असेल तर १० पट कामाची, बाकी ८ पट. वजनाची चिंता असेल तर ८×३२ चांगली. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट डोळे लावून संपूर्ण गोल दिसतो का, ते बघूनच दुर्बीण घ्या.

लेन्स किती मिलिमीटरची लागते?

किमान ४००. १००-४०० किंवा १५०-६०० सारखी झूम लेन्स प्रवासाला सोयीची, कारण हत्तीएवढी प्राइम लेन्स (झूम न होणारी) घेऊन कोणी सहकुटुंब फिरत नाही. १.५ पट क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ४०० ची लेन्स ६०० इतकी चौकट देते. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे लावायचं भिंग) एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश खातो आणि २ पटीचा दोन. झूम लेन्सवर २ पटीचा लावून फारसं हाती लागत नाही. ज्यांना पिशवीभर सामान नको त्यांच्यासाठी मोठ्या झूमचा, लेन्स न बदलता येणारा ब्रिज कॅमेरा वाईट नाही. चांगल्या उजेडात तो मान राखतो, संध्याकाळी मात्र हात टेकतो.

लांब लेन्सने लांबचा पक्षी चांगला येतो, हा समज आधी काढून टाका. ऊन तापलं की जमिनीवरची हवा हलायला लागते आणि दूरच्या पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. हजारो मिलिमीटर लावले तरी ते सुधारत नाही. लवकर जाणं आणि अंतर कमी असणं हेच दोन उपाय.

मोबाइलवर फोटो येतात का?

ओळख पटवण्यापुरते येतात. मोबाइल दुर्बिणीच्या किंवा स्पॉटिंग स्कोपच्या (एका डोळ्याने बघायच्या मोठ्या दुर्बिणीच्या) डोळ्याकडच्या भिंगाला टेकवून काढा. त्यासाठीचं अडॅप्टर मिळतं, ते नसेल तर श्वास रोखून.

कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवू? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कारण प्रत्येकाचा पक्षी वेगळा. बसलेला बगळा सेकंदाच्या १/५०० शटर वेगावर खुशाल येतो, लेन्सला स्थिरीकरण असेल तर त्याहून कमीवरही. मान सतत हलवणारा छोटा पक्षी बसलेला असला तरी १/१००० हवा. सावकाश पंख मारणाऱ्या मोठ्या पक्ष्यांना १/१२५० पुरतो, पाकोळ्या आणि छोट्या पक्ष्यांना १/३२०० देखील कमी पडू शकतो. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) बहुतेक वेळा लेन्स जेवढं उघडेल तेवढं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर ठेवा आणि त्याचा धसका सोडा. दाणेदार पण स्पष्ट फोटो सॉफ्टवेअरने सुधारतो, हललेला फोटो सुधारत नाही.

एक्सपोजरची गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी काढतो. गडद झाडीपुढे पांढरा बगळा असेल तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, मग तो जास्त प्रकाश घेतो आणि बगळ्याची पिसं जळून पांढरा डाग उरतो. तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे एक. उजळ आभाळात काळसर घार असेल तर उलट, नुसती सावली येते. तिथे अधिक एक, प्रसंगी दीड. पण पक्षी आभाळातून झाडीपुढे आणि झाडीपुढून पाण्यावर आला तर दर सेकंदाला बोट चाकावर फिरवणार का? ऊन स्थिर असेल तर सरळ मॅन्युअल लावा, म्हणजे शटर आणि ॲपर्चर स्वतः ठरवा. मागचं दृश्य कितीही बदललं तरी पक्ष्यावर पडणारं ऊन तेच असतं. या वेळी आयएसओही ऑटोवर ठेवू नका, नाहीतर मॅन्युअलला काही अर्थ राहत नाही.

फोकस डोळ्यावर. ६०० मिलिमीटर, एफ ६.३, अंतर दहा मीटर असं गणित घातलं तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर जेमतेम दहा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. चोच स्पष्ट आणि डोळा धूसर असा फोटो त्यामुळेच येतो.

उडत्या पक्ष्याचा एकही फोटो धड येत नाही.

पक्षी उडाल्यावर कॅमेरा उचलला तर येणारच नाही. उडण्याआधी तो सांगतो. मान पुढे काढतो, अंग किंचित खाली दबतं, पाय जुळवून घेतो, आणि शिकारी पक्षी बऱ्याचदा निघण्याआधी शिटतात. घार किंवा गरुड शिटला की कॅमेरा डोळ्याला लावा.

दुसरी गोष्ट वारा. पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात आणि तसेच उतरतात. म्हणून वारा तुमच्या पाठीवर आणि सूर्यही पाठीमागे अशी जागा धरली की पक्षी तुमच्याकडे तोंड करून, उजेडात न्हाऊन येतो. सकाळी वारा कुठून येतोय हे गवत बघून ठरवायला अर्धं मिनिट लागतं. कुठलीही महागडी लेन्स तेवढं देत नाही.

सुरुवात बगळे, पाणकावळे, सुरय अशा मोठ्या किंवा पुन्हा पुन्हा त्याच वाटेने फेऱ्या मारणाऱ्या पक्ष्यांवर करा. पाकोळीच्या नादी लागून पहिल्याच दिवशी वैतागू नका.

कुठल्या महिन्यात जावं?

कशासाठी, यावर आहे. विणीच्या हंगामात पिसारे झळकतात आणि गाणी ऐकू येतात, स्थलांतराच्या दिवसांत संख्या मिळते. हवेच्या उबदार झोतावर तरंगत जाणारे गरुड, घारी, करकोचे असे मोठे पक्षी खुला समुद्र टाळतात, कारण पाण्यावर तसे झोत जवळजवळ तयारच होत नाहीत. मग सगळे जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्याकडे किंवा अरुंद सामुद्रधुनीकडे वळतात. जिब्राल्टर, बॉस्फरस, पनामा ही अशीच नाकी. जॉर्जियातल्या बातुमीवरून एका शरद ऋतूत दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले जातात, तर मेक्सिकोतल्या वेराक्रूसमध्ये हा आकडा ४० लाखांपलीकडे जातो. अशा ठिकाणी तारीख आठवडाभर चुकली तर ज्या जातीसाठी गेलात तिचा मुख्य लोंढा निघून गेलेला असतो, त्यामुळे आधीच्या वर्षांच्या नोंदी पाहून तिकीट काढा.

किनाऱ्यावर महिन्याइतकंच भरतीचं वेळापत्रक महत्त्वाचं. ओहोटीला तुतवार, चिखले पार क्षितिजाजवळ चिखलात विखुरलेले असतात. पाणी चढू लागलं की तेच पक्षी पायरी-पायरीने काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी जाऊन खाली बसा, कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणा आणि हलू नका. तुम्ही त्यांच्याकडे जायचं नाही, पाणी त्यांना आणून देतं. पूर्ण भरतीला ते एकत्र विश्रांती घेतात. तो थवा मात्र उडवायचा नाही.

कुठे काय दिसतं हे आधी कसं शोधायचं?

ईबर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी टाकतात त्या संकेतस्थळावर. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं. कोणत्याही प्रदेशाचा आलेख उघडला की कुठली जात वर्षाच्या कुठल्या आठवड्यात किती वेळा नोंदली गेली ते दिसतं. मुक्कामाच्या जवळची नोंदींची ठिकाणं नकाशावर बघा आणि त्यातलं चालत जाता येईल असं एक निवडा. पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन ॲपमध्ये त्या प्रदेशाचा संच आधीच उतरवून ठेवा, जंगलात नेटवर्क नसतं.

स्थानिक गाईड परवडत असेल तर पहिल्या दिवशी घ्या, शेवटच्या नाही. त्याने शिकवलेले आवाज पुढचे सगळे दिवस उपयोगी पडतात.

नव्या प्रदेशात सगळेच पक्षी अनोळखी. ओळखायचे कसे?

जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत, त्यामुळे पाठांतराचा मार्ग बंद. कुळ ओळखा. हा खंड्यासारखा, हा सुतारासारखा, हा धोबी असणार असं कळलं की अर्धं काम झालं. मग आकार, चोचीची जाडी-लांबी, पायांचा रंग, भुवईची रेघ, पंखांवरचे पट्टे. रंगावर सगळ्यात शेवटी विश्वास ठेवा. संध्याकाळच्या उन्हात राखाडी पक्षीही तांबूस दिसतो आणि पिल्लू मोठं होईपर्यंत आईबापांसारखं दिसेलच असं नाही.

पक्षी नीट न दिसताच उडाला तर आधी जे पाहिलं ते वहीत लिहा, मग पुस्तक उघडा. उलटं केलं की पुस्तकातलं चित्र आठवणीत घुसतं आणि न पाहिलेला पट्टासुद्धा पाहिल्यासारखा वाटतो. मर्लिनची आवाज ओळखण्याची सोय २०२१ मध्ये आली आणि ती खरोखर उपयोगी आहे, पण ॲपने नाव दाखवलं म्हणजे पक्षी सापडला असं नाही. दुसऱ्यांच्या हुबेहूब नकला करणारे पक्षी पुष्कळ आहेत. नाव दिसलं की मान वर करून शोधा.

किती जवळ गेलं तर चालतं?

मीटरमध्ये उत्तर नाही. उत्तर पक्षी देतो. खाणं थांबवून मान ताठ केली, अंग बारीक करून बसला, एकसारखा ओरडू लागला, दोन पावलं बाजूला सरकला: यातलं काहीही झालं की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. मागे सरका. तो पुन्हा चरायला लागला तर अंतर बरोबर. गाडीत बसून पाहिलं तर बरेच पक्षी माणसापेक्षा गाडीला कमी बिचकतात. इंजिन बंद करा, दार उघडू नका, काचेवर धान्य भरलेली पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. ही पिशवी रिकामी न्यावी आणि तिथे जाऊन भरावी.

ओढ्याकाठच्या खंड्याचं उदाहरण घ्या. मासा पकडून तो फांदीवर येतो, दोन-चार वेळा आपटतो, चोचीत फिरवून माशाचं डोकं घशाकडे करतो आणि गिळतो. डोक्याकडून गिळला की काटे आणि खवले अडकत नाहीत. पण कधी तो मासा उलटा धरतो, शेपूट आत आणि डोकं बाहेर. हा मासा त्याचा स्वतःचा नाही, मादीला किंवा पिल्लांना भरवायचा आहे. फोटो झकास येतो, नेमकं तेव्हाच माणूस पुढे सरकतो. आता बघा: खंड्या मासा धरून तसाच बसलाय, मान खालीवर करतोय, या फांदीवरून त्या फांदीवर जातोय, पण काठातल्या बिळाकडे काही जात नाही. तुम्ही वाटेत आहात. आत पिल्लं भुकेली आहेत. तिथून उठायचं आणि लांब जायचं, फोटो आला असो वा नसो.

वाळूत किंवा खडकाळ माळावर चिखल्या पंख मोडल्यासारखा लोळत तुमच्यापुढे धावू लागला तर तो जखमी नाही. अंडी तुमच्या पायाजवळ कुठेतरी आहेत. पाऊल टाकण्याआधी खाली बघा आणि आलेल्या वाटेनेच परत फिरा.

घरट्याचा फोटो काढावा का?

नाही. माणूस घुटमळला की आईबाप घरटं सोडून बसतात, अंडी उन्हात तापतात किंवा थंड पडतात आणि कावळ्याला पत्ता मिळतो. फोटोत नीट दिसावं म्हणून आडवी फांदी मोडणारे लोक असतात. ती फांदी पिल्लांची सावली असते.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवावा का?

आवाज ऐकून येणारा पक्षी तुम्हाला भेटायला येत नाही, घुसखोराला हाकलायला येतो. त्याचं खाणं, भरवणं सगळं थांबतं. लोकप्रिय जागी रोज पाच गट आले आणि प्रत्येकाने पाच मिनिटं वाजवलं तर त्या पक्ष्याचा दिवस भांडणात जातो. अनेक राखीव क्षेत्रांत यावर बंदीच आहे. विणीच्या दिवसांत आणि दुर्मीळ पक्ष्यासाठी तर अजिबात नको.

मग खाऊ घालून बोलावणं?

इथे मी थोडा सैल आहे. इक्वेडोरमधल्या आंखेल पास या शेतकऱ्याने जंगलात लपून राहणाऱ्या जायंट अँटपिटा या पक्ष्याला गांडुळं देऊन माणसाळवलं, तिचं नाव मारिया ठेवलं, आणि तो पक्षी पाहायला जगभरातून लोक येऊ लागल्यामुळे त्या शेतकऱ्याचं जंगल टिकलं. रोज तोच माणूस, ठरलेल्या वेळी, बेताचं खाणं देतो तेव्हा ती एक व्यवस्था असते. एका फोटोसाठी घुबडापुढे जिवंत उंदीर सोडणं ही व्यवस्था नाही, आणि घुबड रस्त्याकडेला शिकार शोधायला शिकलं तर पुढे गाडीखाली जातं.

विमानात कॅमेऱ्याचं सामान कसं न्यायचं?

कॅमेरा, लेन्स, दुर्बीण हातातल्या पिशवीत. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. ७.२ व्होल्ट आणि २ अँपिअर-तासांची कॅमेऱ्याची बॅटरी १४.४ वॅट-तासांची असते, म्हणजे काळजी नको. टोकांना टेप लावा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या डबीत ठेवा. किती बॅटऱ्या चालतात हे विमान कंपनीप्रमाणे बदलतं, तेवढं बघून घ्या.

बाहेर पडल्याबरोबर लेन्सवर धुकं धरतं.

थंडगार खोलीतून दमट हवेत आल्यामुळे. कॅमेरा बंद पिशवीत ठेवूनच बाहेर न्या आणि अर्धा तास तसाच राहू द्या. पुसत बसू नका, लेन्स काढून तर मुळीच बघू नका. आत ओल शिरते.

फोटो टाकताना ठिकाण लिहावं का?

नेहमीच्या पक्ष्यांचं खुशाल. घुबडाची ढोली, शिकारी पक्ष्याचं घरटं, चोरट्या व्यापाराचा धोका असलेली जात असेल तर फार तर जिल्ह्याचं किंवा प्रदेशाचं नाव. मोबाइलच्या फोटोत जीपीएस आपोआप नोंदलं जातं, ते काढून टाका. ईबर्डसुद्धा अशा संवेदनशील जातींच्या नोंदींची नेमकी जागा लोकांना दाखवत नाही.

पक्ष्याच्या पायात कडी किंवा रंगीत पट्टी दिसली. काय करायचं?

आनंद माना आणि पायांचे फोटो काढा. हा पक्षी कोणीतरी पकडून, मोजून सोडलेला आहे. पट्टीचा रंग, त्यावरची अक्षरं, पट्टी डाव्या पायावर की उजव्या, गुडघ्याच्या वर की खाली, हे सगळं लागतं, म्हणून वेगवेगळ्या बाजूंनी बर्स्ट (लागोपाठ फोटो) मारा. पक्षी दुसऱ्या बाजूला वळेपर्यंत थांबा, उडवू नका.

अशा नोंदींवरूनच स्थलांतराचे मार्ग जुळवले गेले. आता उपग्रह ट्रान्समीटरही असतात: २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट (चिखलात चरणारा लांब चोचीचा पक्षी) अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता सुमारे १३,५६० किलोमीटर उडून अकरा दिवसांनी टास्मानियात पोचला. पण ट्रान्समीटर मोजक्याच पक्ष्यांना लावता येतात, कडी पुष्कळांना. ती वाचायला कोणीतरी लेन्स घेऊन तिथे असावं लागतं. त्या देशाच्या कडी योजनेच्या संकेतस्थळावर तारीख, जागा आणि फोटो पाठवा. पक्षी कुठे, कधी, किती वयाचा असताना पकडला होता आणि मधे आणखी कोणाला दिसला होता, हे सहसा ते उलट कळवतात. उत्तर यायला कधी कधी काही महिने लागतात.